वजनाचं ऑपरेशन: बँड गेला, स्लीव्ह आली, आता इंजेक्शन?

मागच्या भागानंतर बऱ्याच व्हॉइस नोट्स आल्या. प्रश्न एकच: "इंजेक्शन आलंय, मग वजनाचं ऑपरेशन संपलं का?" मी डॉक्टर नाही, पण आजवर काय बदललं ते सांगतो.

सुरुवात माझ्या आत्यापासून. ती न्यू जर्सीला असते. 2009 साली तिने गॅस्ट्रिक बँड बसवून घेतला. म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा. काही कापायचं नाही, नको झाला तर काढता येतो. अमेरिकेत 2001 मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि 2011 मध्ये तिथल्या साधारण दर तीन ऑपरेशन्समध्ये एक बँडचं होतं. 2018 मध्ये? शंभरात जेमतेम एक! कारण काही वर्षांनी अनेकांचे पट्टे सरकले, वजन परत आलं, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. आत्याचाही शेवटी काढला.

बँडची जागा घेतली स्लीव्हने. यात जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून टाकतात, उरते केळ्याएवढी नळी. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्याच कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही कमी होते. बायपाससारखं आतडं नव्याने जोडावं लागत नाही. 2018 मध्ये अमेरिकेत दहातली सहा ऑपरेशन्स स्लीव्हची होती. पण कापलेलं जठर परत मिळत नाही, आणि काहींची ॲसिडिटी वाढते.

2021 मध्ये तिथे वेगोव्ही इंजेक्शन आलं. खासगी विमा असलेल्या, मधुमेह नसलेल्या लठ्ठ लोकांच्या एका अभ्यासात, 2022 ते 2023 या वर्षभरात अशी औषधं घेणारे दुपटीहून जास्त झाले आणि ऑपरेशन्स पाव हिश्श्याने घटली. 2025 पासून मौंजारो आणि वेगोव्ही भारतातही मिळतात.

पण औषध थांबवलं की? वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत, थांबवल्यावर वर्षभरात कमी झालेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परत आलं. म्हणजे ऑपरेशन संपलेलं नाही. उलट 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी त्याची मर्यादा बीएमआय 27.5 पर्यंत खाली आणली.

परवा आत्या फोनवर म्हणाली, "अरे, सगळे पहिल्या वर्षाचे फोटो दाखवतात. मी दहाव्या वर्षाचं विचारलंच नाही."

तुम्ही मात्र विचारा. बँड असो, स्लीव्ह असो की इंजेक्शन. भेटू पुढच्या भागात!