दुकानाची पायरी

सुपरमार्केटात गारवा किती, गाणी कसली, यावर पुष्कळ लिहिले जाते. आमचे मोजमाप वेगळे आहे. पेणच्या रामवाडीवरून जाणारा महामार्ग पुढे महाडला जातो. तिथे १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या काळी दुकानातही आमच्या बापजाद्यांना पायरीखाली उभे राहून वरून टाकलेला माल झेलावा लागे. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानांचा उल्लेख उगाच आलेला नाही! आज रॅकवरचा माल आपल्या हाताने उचलता येतो, किंमत छापील असते, आडनाव कोणी विचारत नाही. हा मोकळेपणा आम्हाला गार हवेपेक्षा मोलाचा वाटतो. १९४८ साली मुंबईत कामगारांनी काढलेल्या अपना बाजारात तर गिऱ्हाईकच भागधारक होते. चकचकीत मॉलच्या दारात मात्र कातकरी बाई दिसली की रखवालदाराची नजर आधी तिच्या पिशवीवर जाते. आणि तो रखवालदारही बहुधा आपल्याच वस्तीतला, ठेकेदाराकडे बारा-बारा तास उभा राहणारा.