उतारशाळेत जागा

वसंत व्याख्यानमालेत, बाहेर वऱ्हाडचे ऊन रणरणत असताना, नाताळाचा विषय काढणारा वक्ता श्रोत्यांना थोडा विक्षिप्तच वाटेल. पण नाताळ कसा साजरा करतात हे सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. त्या दिवसांत अनोळखी माणसासाठी काहीतरी लहानसे करावे, अशी एक रीत जगभर आहे. तिच्यामागे विचार कोणता, आपल्या मुलखात तिचे भावंड कोणते, आणि अशा लहान उपकारांची समाजात खरोखर किंमत किती, एवढेच मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. सणाच्या मुळाशी असलेली गोष्ट मात्र कोणाही गरीब वाटसरूला आपली वाटेल अशी आहे. सरकारी शिरगणतीसाठी एक सुतार आपल्या गरोदर बायकोला घेऊन परगावी गेला. गावातल्या उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. मूल जन्मले आणि त्याला गुरांच्या गव्हाणीत निजवावे लागले. लूकच्या शुभवर्तमानात ही हकीगत दोन-चार ओळींतच आटोपली आहे. पण सबंध सणाचा अर्थ तिच्यात आला आहे. ज्याला गावाने जागा नाकारली तो कोण होता, हे गावाला त्या रात्री ठाऊक नव्हते. म्हणून दारात आलेल्या अनोळखी माणसाला ओळख न विचारता जागा द्यावी, हा त्या गोष्टीचा बोध.

नाताळच्या रात्री मुलांना भेटी देणारा जो म्हातारा आपण चित्रांत पाहतो, तोही मुळात एका धर्मगुरूची आठवण आहे. हल्लीच्या तुर्कस्तानातील मायरा या गावी चौथ्या शतकात निकोलस नावाचा बिशप होऊन गेला. त्याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, एका दरिद्री बापाला आपल्या तीन मुलींची लग्ने करता येत नव्हती, तेव्हा निकोलसने रात्रीच्या अंधारात त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. अंधार निवडला तो अशासाठी की, देणारा कोण हे घेणाऱ्याला कळू नये.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. खामगाव-अकोल्याकडे अलायन्स मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, तेव्हा नाताळ आपल्याकडे नवखा नाही. पण डिसेंबर महिना वऱ्हाडला आणखी एका कारणाने आठवतो. २० डिसेंबर १९५६ रोजी, नाताळच्या पाच दिवस आधी, गाडगेबाबा अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर वारले. त्याच महिन्याच्या ६ तारखेला डॉ. आंबेडकर गेले होते. पंधरा दिवसांत गरिबाची दोन छत्रे गेली.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली एका परीट कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने देऊळ बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे आलेल्या गरीब यात्रेकरूला पाठ टेकायला जागा व्हावी म्हणून त्या उभ्या राहिल्या. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा त्यांनी बांधली, कारण विठ्ठलाच्या गावात अस्पृश्य वारकऱ्याला उतरायला जागा नव्हती. मुंबईत मोठ्या रुग्णालयात रोगी आणणाऱ्या खेडुतांचे हाल पाहून तेथेही त्यांनी धर्मशाळेची सोय केली. बेथलेहेमच्या उतारशाळेत जी जागा मिळाली नाही, तीच गाडगेबाबा जन्मभर बांधीत राहिले, असे म्हटले तर काही चूक होणार नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर याहून जवळचे उदाहरण आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ होती. बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते एक तरुण वेचून खात होता. बंकटलाल अगरवाल यांनी ते पाहिले आणि त्याच्यापुढे वाढलेले पात्र आणविले. दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजाननविजय’ पोथीत हा प्रसंग आहे आणि शेगावच्या यात्रेकरूला तो तोंडपाठ असतो. आज लाखो लोक ज्या समाधीवर डोके ठेवतात, त्या गजानन महाराजांची आपल्याशी पहिली ओळख अशी झाली. पात्र आणविले तेव्हा तो साधू आहे हे कोणाला ठाऊक होते? पुढे बसलेला होता तो एक भुकेला, एवढेच. आपण त्या पोथीचे पारायण करतो. पण तिच्या आरंभीच सांगितलेले हे काम आपल्या दारात किती वेळा होते, हे ज्याचे त्याने पाहावे.

अशा उपकाराच्या दोन-तीन कसोट्या आहेत. पहिली ही की, नाव, गाव, जात विचारू नये. आपल्याकडे पाणपोई हे मोठे पुण्याचे काम मानतात. परंतु त्याच पाणपोईवर एकाला पेला मिळे आणि दुसऱ्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई, हा इतिहास फार जुना नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला, तरी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. ज्या पाण्याबरोबर अपमान प्यावा लागतो ते पाणी तहान भागवते, पण त्याला दया म्हणता येत नाही.

दुसरी कसोटी, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने रस्ता झाडीत, कोणाची लाकडे फोडून देत, मग भाकर मागत. फुकटची भाकर त्यांनी स्वतः खाल्ली नाही, आणि गरिबाला दीन समजून कोणी भाकर फेकलेलीही त्यांना खपत नसे. 

तिसरी कसोटी, उद्याची सोय. येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकला असेल. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकले. त्याच्याच धर्माचे दोन प्रतिष्ठित गृहस्थ बाजूने निघून गेले. थांबला तो ज्याच्याशी यहुदी लोक व्यवहारही ठेवीत नसत असा शोमरोनी. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले. इथपर्यंत सारे सांगतात. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले. म्हणजे त्याने कळवळा दाखवलाच, शिवाय व्यवस्थाही केली. रांजण मांडून, हार घालून पाणपोईचे उद्घाटन करणे सोपे आहे. तिसऱ्या आठवड्यात तो रांजण कोण भरणार, हा खरा प्रश्न आहे.

येथे आम्हा कामगार चळवळीतल्या लोकांचा आक्षेप सांगितला पाहिजे. आम्ही दयेकडे जरा संशयाने पाहतो, आणि त्याला कारण आहे. इंग्लंडात नाताळच्या दुसऱ्या दिवशी नोकरचाकरांना भेटीची पेटी देण्याची रीत होती. वर्षभर पगार अपुरा द्यावयाचा आणि एक दिवस पेटी देऊन दुवा घ्यावयाचा, हा व्यवहार आपल्याकडेही अनोळखी नाही. मुंबईच्या गिरणीमालकांनी पहिल्या महायुद्धाच्या तेजीत कामगारांना बोनस दिला. १९२४ च्या आरंभी तो बंद झाला तेव्हा दीड लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला की, बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे बक्षीस द्यावे की न द्यावे, ही मालकाची मर्जी. ती मर्जी जाऊन कायदा यायला १९६५ साल उजाडावे लागले.

मग दया टाकून देऊन नुसता हक्क मागावा काय? मला तसे वाटत नाही. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये जे १८ वे कलम होते ते पाहा. कारखान्यात कामगारांना पुरेसे शुद्ध पिण्याचे पाणी मिळावे. त्या जागेवर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत तसे लिहिलेले असावे. ती जागा संडास-मुतारीपासून सहा मीटरांच्या आत नसावी. अडीचशेंहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पाणी थंड करून द्यावे. हे कलम म्हणजे दुसरे काय होते? कारखान्यात नेलेली पाणपोईच. फरक एवढाच की रांजण कोरडा राहिला तर जाब विचारता येतो. आज जो हक्क आहे तो काल कोणाच्या तरी मनातला कळवळा होता. कळवळ्याला माणसे मिळाली, पाळ्या ठरल्या, मागणी झाली, कायदा झाला. 

व्यवस्थेशिवाय कळवळ्याचे काय होते याचे उदाहरण नाताळनेच दिले आहे. डिसेंबर १९१४ मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीवर इंग्रज व जर्मन शिपाई नाताळच्या दिवशी आपणहून खंदकांबाहेर आले. त्यांनी हस्तांदोलन केले, तंबाखू वाटून घेतली, एकमेकांचे मृत पुरले. काही ठिकाणी आपल्या देशातले गढवाली शिपाईही त्यात होते. कोणा सेनापतीची आज्ञा नसताना हे घडले, म्हणून मनुष्यजातीला त्याचा अभिमान वाटावा. परंतु वरिष्ठांनी पुढे हे कडकपणे बंद केले आणि लढाई आणखी चार वर्षे चालली. एका दिवसाचा चांगुलपणा खरा होता. त्याला उद्याची सोय नव्हती.

उलट, जेथे कायदा आहे तेथेही प्रत्येक क्षणी तो हजर राहू शकत नाही. नाताळच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातला अनोळखी माणूस कोण असतो, याचा विचार करा. कापूस वेचायला परमुलखातून आलेले मजूर, बाजार समितीच्या आवारात गाडीखाली थंडीत निजलेला हमाल, एस. टी. चुकल्याने स्टँडवर रात्र काढणारी लेकुरवाळी, मलकापूर-नांदुरा-खामगावच्या हमरस्त्यावरून जाणारा परप्रांतीय ट्रकवाला. २०२० च्या टाळेबंदीत असेच हजारो मजूर देशभरच्या रस्त्यांवरून पायी चालले, तेव्हा कायदा पोचण्यापूर्वी रस्त्याकाठच्या वस्त्यांतली भाकर पोचली.

आणि सर्वांत निकडीची जागा म्हणजे अपघात. १ जुलै २०२३ च्या पहाटेपूर्वी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. अशा रस्त्याला लागून ना गाव, ना दुकान. मागून येणारी मोटार हीच पहिली मदत. पण थांबले तर पोलीस आपल्यालाच धरतील, कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील, या भीतीने माणूस पुढे निघून जातो. यरीहोच्या वाटेवरचे दोन प्रतिष्ठित गृहस्थ गेले तसा. ही भीती घालविण्यासाठीची नियमावली सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. इच्छा नसेल तर त्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. दवाखान्यात पोचवून तो निघून जाऊ शकतो. या माणसाला कायद्याने जे इंग्रजी नाव दिले आहे त्याचा अर्थ ‘चांगला शोमरोनी’ असाच आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा दाखला आपल्या कायद्यात येऊन बसला. पण कलम गाडी थांबवीत नाही. गाडी थांबवायला चालवणाऱ्याचाच पाय ब्रेकवर पडावा लागतो. 

तेव्हा मित्रहो, दया आणि हक्क यांत निवड करा असे कोणी म्हणाले तर ती निवड नाकारावी. हक्कासाठी भांडावे, आणि हक्क पोचेपर्यंत वाटेवरच्या माणसाला तहानलेला ठेवू नये. नाताळला अजून सहा-आठ महिने आहेत, पण पाणपोईचे दिवस आजच आहेत. आपल्या आळीच्या तोंडाशी एक रांजण मांडा, पेला सर्वांना एकच ठेवा, आणि त्याआधी वहीत लिहून काढा की सोमवारी तो कोण भरील, मंगळवारी कोण. हीच वही डिसेंबरात एस. टी. स्टँडवरच्या घोंगड्यांना उपयोगी पडेल. पाळी ठरली की रांजण कोरडा राहत नाही, एवढे आमच्या युनियनने मला शिकवले आहे.