शासनप्रकार, गोंदिया जिल्ह्यातील

शासनप्रकार : सत्ता कोणाच्या हाती आहे, ती कोणत्या मार्गाने मिळते आणि सत्ताधाऱ्यास जाब कोण विचारू शकतो, यांवरून केलेले शासनसंस्थेचे वर्गीकरण. ॲरिस्टॉटलने एकाची, थोड्यांची व अनेकांची सत्ता असे भेद केले आणि ती सर्वांच्या हितासाठी वापरली जाते की सत्ताधाऱ्याच्या, ही दुसरी कसोटी त्यांस जोडली. प्रत्यक्षात हे प्रकार शुद्ध स्वरूपात क्वचितच आढळतात. गोंदिया (१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून विभक्त) हा तलाव व धानशेती यांचा जिल्हा. तलावाची पाळ फुटल्यास ती कोणी बांधावयाची, या प्रश्नावरून येथील शासनप्रकारांची तुलना उद्‌बोधक ठरते.

गोंड राजे व त्यांच्यानंतरचे नागपूरकर भोसले यांचे शासन राजेशाहीचे असले, तरी दूरच्या वनप्रदेशात राजाची सत्ता जमीनदार व पाटील यांच्यामार्फतच पोहोचे. कामठा येथील चिमणा पाटील याने १८१८ मध्ये इंग्रजांच्या नियंत्रणाविरुद्ध उठाव केला. तो मोडल्यावर जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. तिसरे रघूजी भोसले यांच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये राज्य खालसा झाले व पुढे १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात हा मुलूख आला. इंग्रजांच्या जमाबंदीने वसुली करणाऱ्या पाटलास मालगुजार म्हणून गावाची मालकी दिली. ही थोड्यांची सत्ता होती आणि रयतेला तो मालगुजार बदलता येत नसे. तथापि गावाच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदविल्या जात आणि तलाव कोरडा पडल्यास मालगुजाराचा स्वतःचा धानही वाळे. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले तलाव टिकले, त्यामागे उदारतेपेक्षा हे हितसंबंध अधिक असावेत.

मध्य प्रदेशातील १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि बहुतेक तलाव शासनाच्या मालकीचे झाले. ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा’ तलाव हे नाव तेव्हापासूनचे. जुलूम करू शकणारा धनी गेला, परंतु पाळीची जबाबदारी अभियंता, अंदाजपत्रक व मंजुरी यांत विभागली गेली. अनेक तलाव गाळाने भरले. लोकशाहीतील हा दोष मतदानाचा नसून नोकरशाहीच्या अंतराचा आहे.

हे अंतर कमी करण्यासाठी, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार, १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. लहान तलाव त्यांच्याकडे आहेत. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांमधून निवडला जातो, यात संसदीय पद्धतीचा अंश आहे. मात्र अंमलबजावणी राज्याने नेमलेल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असते, आणि निवडणूक लांबल्यास कारभार प्रशासकाकडे जातो.

सरपंचपदाच्या बाबतीत दोन्ही पद्धती अनुभवास आल्या. पूर्वी सदस्य त्याची निवड करीत. २०१७ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वीकारली गेली. थेट निवडलेला सरपंच अध्यक्षीय पद्धतीतील प्रमुखाप्रमाणे स्थिर असतो, पण सदस्य विरोधी गटाचे असल्यास ठराव अडतात. सदस्यांनी निवडलेला सरपंच त्यांच्याशी जुळवून घेतो, पण फाटाफुटीने सहज पडतो. पाच वर्षांत एक पाळ दुरुस्त करावयाची असेल, तर हा भेद केवळ सैद्धांतिक राहत नाही.

प्रत्यक्ष लोकशाहीचा प्रयोग जिल्ह्याच्या वनभागात आढळतो. येथे गोंड वस्ती लक्षणीय असूनही गोंदिया अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे १९९६ चा ‘पेसा’ कायदा लागू होत नाही. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा तेंदूपानांची विक्री स्वतः ठरवू शकतात. येथे मत देणारा, निर्णय करणारा व हिशेब विचारणारा तोच मनुष्य असतो. अर्थात सभेस कोण येते आणि आलेल्यांपैकी बोलते कोण, विशेषतः स्त्रिया बोलतात काय, यावर ती सत्ता खरोखर अनेकांची आहे की पुन्हा थोड्यांचीच, हे अवलंबून राहते.