‘गिफ्टेड’ की मेहनती? कौशल्य सांगणारे इंग्रजी वाक्प्रचार

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत "तुमच्यात कोणते गुण आहेत?" असे इंग्रजीत विचारले की आपली हुशार मुलेही अडखळतात. वाक्प्रचार पाठ असतात, पण कोणता कुठे शोभतो हे कुणी सांगितलेले नसते. म्हणून अभ्यासवर्गात आम्ही त्यांचे दोन गट करतो.

पहिला गट जन्मजात गुणांचा. ‘गिफ्टेड’ म्हणजे देणगी लाभलेला, ‘बॉर्न टीचर’ म्हणजे जन्मजात शिक्षक, ‘इन द ब्लड’ म्हणजे रक्तातच असणे. नवे काम पहिल्याच दिवशी सहज जमले, तर ‘लाइक अ डक टू वॉटर’, बदक पाण्यात उतरावे तसे. ज्याने लावलेले रोप हमखास जगते त्याची बोटे ब्रिटनमध्ये हिरवी म्हणतात, ‘ग्रीन फिंगर्स’; अमेरिकेत त्याचा अंगठा हिरवा, ‘ग्रीन थंब’.

दुसरा गट सरावाचा. ‘नो द रोप्स’ म्हणजे कामाच्या खाचाखोचा ठाऊक असणे. यातले दोर शिडाच्या जहाजावरचे. ‘ओल्ड हँड’ म्हणजे कामात मुरलेला माणूस. ‘सेकंड नेचर’ म्हणजे सवयीने अंगवळणी पडलेली गोष्ट. ‘नॅक’, म्हणजे हातोटी, या दोन्ही गटांच्या मधोमध बसते.

खुद्द ‘टॅलेंट’ हा शब्द मुळात वजनाचा आणि पैशाचा. बायबलमध्ये मॅथ्यूच्या शुभवर्तमानात एक मालक तीन सेवकांकडे पाच, दोन आणि एक टॅलेंट सोपवतो. दोघे ती रक्कम दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो आणि बोलणी खातो. या कथेवरूनच इंग्रजीत शब्दाला ‘अंगचा गुण’ हा अर्थ आला. म्हणजे कथेतही महत्त्व मिळालेल्यापेक्षा वापरलेल्याला आहे.

‘रक्तातच आहे’ हे कौतुक आपण जपून वापरावे. कर्तबगारी जन्माला चिकटवली की मेहनत झाकली जाते. माणसाचे काम त्याच्या कुवतीवरून न ठरता आईवडिलांच्या सामाजिक दर्जावरून ठरते, हा जातिव्यवस्थेचा दोष बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिला आहे.

मुलाखतीत स्वतःला ‘गिफ्टेड’ म्हणू नका, ती बढाई वाटते. "आय हॅव अ नॅक फॉर टीचिंग मॅथ्स" म्हणा आणि लगेच पुरावा जोडा: वस्तीतल्या अभ्यासिकेत किती मुलांना, किती महिने गणित शिकवले. एक वाक्प्रचार आणि एक खरे उदाहरण, एवढे पुरते.