घरातली खातेवही

बिटकॉइनचा नोड घरी चालवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो: पैसे किती मिळतील? एकही नाही. पैसे मायनिंग करणाऱ्यांना, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे (ब्लॉक) बांधणाऱ्यांना मिळतात. नोड हिशेब तपासतो. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनचे सगळे व्यवहार तो उतरवून घेतो. तेच नाणं दोनदा खर्चलं नाही ना, नवी नाणी नियमापेक्षा जास्त काढली नाहीत ना, हे स्वतः पाहतो. (फार जुन्या व्यवहारांवरच्या डिजिटल सह्यांची तपासणी वेळ वाचवण्यासाठी वगळलेली असते, सेटिंग बदलून तीही करता येते, आणि मी म्हणेन, कराच.) नियम मोडणारा ब्लॉक कितीही बड्या मायनरने पाठवलेला असो, तुमचा नोड तो नाकारतो. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

सामान साधं: जुना लॅपटॉप, दोन टीबीची एसएसडी आणि ‘बिटकॉइन कोअर’ हे मोफत सॉफ्टवेअर. साधी हार्ड डिस्क नको. तिच्यावर पहिली पडताळणी फार रेंगाळते. जागा कमी असेल तर ‘प्रूनिंग’ निवडा: तपासून झालेले जुने ब्लॉक पुसले जातात. इंटरनेटचा प्लॅन आधी बघा, सुरुवातीलाच शेकडो जीबी उतरतात. वीज अचानक गेली तर डेटाबेस बिघडू शकतो, म्हणून यूपीएस जोडा. मग सरासरी दर १० मिनिटांनी एक नवा ब्लॉक तपासणीला येत राहतो.