आधी खांदा ठरवा

एकाच माणसाला आधी लंडनच्या हंट्समनने शिवलेला कोट घालून पाहावा आणि मग नेपल्सच्या रुबिनाचीने शिवलेला. छाती तीच, उंची तीच, लोकरीचं कापडही तेच. तरी पहिल्या कोटात खांदे रुंद आणि कंबर बारीक दिसेल, चालही आपोआप ताठ होईल. दुसऱ्यात खांदे असतील तसेच उतरते दिसतील आणि हात खिशात घालावासा वाटेल. दोन्ही कोट अंगाला उत्तम बसलेले. चांगलं फिटिंग कशाला म्हणायचं, हा सुटाच्या दुनियेतला जुना वाद इथूनच सुरू होतो.

लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याने 1846 मध्ये आपल्या दुकानाचं दार सॅव्हिल रोच्या बाजूला उघडलं आणि पुढे ती गल्लीच शिंप्यांची म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथल्या बऱ्याच घराण्यांची मुळं लष्करी गणवेशात आणि शिकारीच्या पोशाखात आहेत. हंट्समन 1849 सालचं, घोडेस्वारांचे कपडे शिवणारं. त्याची खूण त्याच्या कोटावर आजही दिसते : पक्का खांदा, आवळलेली कंबर, खालचा घेर लांब आणि किंचित फाकलेला, पुढे एकच बटण. मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागा, उंच आणि लहान. मोठा मुंढा म्हणजे आराम, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात मुंढा मोठा आणि खाली असला की हात वर करताना अख्खा कोट वर चढतो. लहान मुंढ्यात हात हलतो, कोट जागेवर राहतो.

याच परिसरात फ्रेडरिक शोल्टे नावाच्या डच वंशाच्या शिंप्याने वेगळी वाट काढली. त्याने छातीवर आणि पाठीच्या फऱ्यांवर थोडं जास्तीचं कापड सोडलं, खांद्यातला भराव कमी केला आणि कंबर मात्र घट्ट ठेवली. छाती आणि बाही यांच्यामध्ये कापडाची मऊ उभी घडी पडते. आपल्याकडचा शिंपी ती झोळ समजून लगेच टाचणी लावील. शोल्टेला ती हवीच होती, कारण त्या घडीमुळे छाती भरदार दिसते आणि श्वासालाही जागा राहते. ड्यूक ऑफ विंडसर, म्हणजे काही महिने ब्रिटनचे राजे राहिलेले आठवे एडवर्ड, 1919 पासून चार दशकं शोल्टेचेच कोट घालत होते. गंमत म्हणजे पँट ते न्यूयॉर्कमध्ये शिवून घेत. त्यांना कमरेची अमेरिकन बेतणी पसंत होती. शोल्टेच्या हाताखाली तयार झालेल्या पेर अँडरसनने 1906 मध्ये जी पेढी सुरू केली, ती अँडरसन अँड शेपर्ड आजही तोच मऊ कोट शिवते. हंट्समनच्या चाहत्याला तो ढगळ वाटतो, अँडरसनच्या गिऱ्हाइकाला हंट्समनचा कोट चिलखती वाटतो. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत.

नेपल्सची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, कारण तिच्या मुळाशी हवामान आहे. जेन्नारो रुबिनाची यांना इंग्रजी पोशाखाचं एवढं वेड की दुकानाचं नावच त्यांनी ‘लंडन हाऊस’ ठेवलं. पण तिथला कटर विन्चेन्झो अत्तोलिनी याने 1930 च्या दशकात इंग्रजी कोट आतून रिकामा करायला घेतला. खांद्यातले पॅड गेले, अस्तर बरंचसं गेलं, कोटाला आकार देणारा आतला कॅनव्हास हलका झाला. बाही सदऱ्याच्या बाहीसारखी, बारीक चुण्या घालून बसवली जाऊ लागली. छातीवरचा खिसा होडीसारखा वळला. भूमध्य समुद्राकाठच्या उन्हात घालता येईल असा कोट तयार झाला, आणि लंडनला जो दोष वाटला असता त्या चुण्याच नेपल्सच्या हातशिलाईची ओळख बनल्या.

अमेरिकेने सरळसोट, कंबर न आवळलेला सॅक सूट पसंत केला. ब्रुक्स ब्रदर्सने तो विद्यापीठांतल्या तरुणांपासून बँकवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या अंगावर चढवला. 1980 च्या ‘अमेरिकन जिगोलो’ चित्रपटात रिचर्ड गेरच्या अंगावर अरमानीचे ओघळते कोट दिसले आणि सैल कोटाची लाट आली. पुढे डिऑरसाठी हेडी स्लिमानने इतके चिंचोळे सूट बेतले की ते घालता यावेत म्हणून फॅशन डिझायनर कार्ल लागरफेल्डने सुमारे 42 किलो वजन उतरवलं. फॅशनने शरीराला असं वेठीला धरणं मला मुळीच पटत नाही. कपड्याने माणसाकडे यावं.

मग सगळंच आवडीवर सोडायचं का? नाही. कोटाची कॉलर मानेपासून सुटली, बटण लावल्यावर फुलीच्या आकाराच्या चुण्या पडल्या, खांदा दंडावर लोंबला, तर तो कुठल्याही शहरात बिघडलेलाच कोट. पँटची मोरी बुटावर किती टेकावी, कोटाला मागे एक चीर असावी की दोन की एकही नसावी, हे मात्र खुशाल आपल्या मनाने ठरवावं.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत नवरदेव जाड पॅडच्या, पूर्ण अस्तराच्या, पेस्टिंगने कडक केलेल्या सुटात घामाघूम होतात. आपल्या हवेला नेपल्सचा मऊ खांदा आणि अर्धं अस्तर कितीतरी मानवेल. सूट शिवायला टाकणार असाल, तर रंग निवडण्याआधी शिंप्याशी खांद्याबद्दल बोला : पॅड किती जाड, आत शिवलेला कॅनव्हास की चिकटवलेलं पेस्टिंग, अस्तर कुठपर्यंत. आणि कच्च्या टाक्यांवरची ट्रायल मागून घ्या. बाही, कंबर, पँटची लांबी नंतरही दुरुस्त होते. एकदा पक्का शिवलेला खांदा सहसा होत नाही.