एच.आय.व्ही. : धोका किती, भीती किती?

वार्षिकासाठी हा विषय सुचवला तेव्हा संपादक मंडळातील एकदोघांच्या भुवया उंचावल्या. ‘प्रवासवर्णन दे, नाहीतर कथा दे,’ असा प्रेमळ सल्लाही मिळाला. परंतु गेल्या वर्षी वसतिगृहातील आमच्या खोलीत जे तीन महिने गेले, त्यानंतर दुसऱ्या विषयावर लिहिणे मला जमेना. ज्याची ही हकिकत आहे त्या माझ्या मित्राने हा मजकूर वाचला आहे. नाव-गाव तेवढे वगळ, एवढीच त्याची अट.

दिवाळीच्या सुट्टीत तो परगावी गेला होता. तेथे ओळखीच्या एका मुलीशी, दोघांच्याही संमतीने, त्याचा शरीरसंबंध आला. निरोध वापरला नव्हता. परतल्यावर चार-पाच दिवस ठीक गेले. मग घसा दुखू लागला आणि स्वारीचा धीर सुटला. रात्री दोन वाजता आरशासमोर उभा राहून मानेतल्या गाठी चाचपताना मी त्याला पाहिले. तासांना गैरहजेरी, जेवणावरची वासना गेलेली, मोबाईलवर सतत तेच वाचन. अकराव्या दिवशी मला म्हणाला, “मला एड्स झालाय. माझं ताट वेगळं ठेव.”

या एका वाक्यात दोन चुका होत्या. एच.आय.व्ही. हा विषाणू आहे. एड्स ही त्या संसर्गाची शेवटची अवस्था, उपचार न मिळाल्यास बहुधा काही वर्षांनी येणारी. आणि हा विषाणू रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदद्वारातील स्राव व आईचे दूध यांतून पसरतो. ताट, पेला, घाम, डास यांचा त्याच्याशी संबंध नाही. मी ताट वेगळे ठेवले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला जवळजवळ ओढतच शासकीय रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात नेले. तेथे चाचणी मोफत होते. आपले नाव कुणी मोठ्याने पुकारील, ही त्याची मोठी धास्ती. वास्तविक २०१७ च्या कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे, संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि तिचा निकाल गुप्त ठेवावा लागतो.

समुपदेशक ताईंनी पहिला प्रश्न विचारला, “किती दिवस झाले?” बारा म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या. “तीन दिवसांत आला असतात तर औषधाचा विचार करता आला असता.” संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करून २८ दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधे आहेत. ‘पेप’ म्हणतात त्यांना. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आम्हा दोघांना हे ठाऊक नव्हते! एवढे एक वाक्य ठळक टाइपात छापा, असे मी संपादकांना सांगितले आहे, बघू या.

मग त्यांनी कागदावर हिशोब मांडला. जोडीदाराला संसर्ग आहे, त्यावर उपचार चालू नाहीत आणि निरोध नाही, असे सगळे धरून चालले तरी योनीमार्गे एका संबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता सरासरी १०,००० मध्ये सुमारे ४, आणि स्त्रीला सुमारे ८. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला मात्र ती १३८ च्या घरात जाते. भारतात प्रौढांपैकी सुमारे ०.२ टक्के लोकांना संसर्ग आहे. उपचार नियमित घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरलेला नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. ही औषधे सरकारी केंद्रांत एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. अर्थात सरासरी ती सरासरी. गुप्तरोगाची जखम असेल, किंवा जोडीदाराला संसर्ग नुकताच झालेला असेल, तर धोका वाढतो. म्हणून हिशोब मांडला तरी चाचणी टळत नाही.

घशाचे काय? संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांनी पुष्कळांना ताप, घसादुखी, पुरळ येते. पण फ्लूमध्येही हेच होते आणि काहींना काहीच होत नाही. घशावरून निदान करता येत नाही. त्या दिवशीची चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, पण ती त्या रात्रीविषयी काही सांगत नव्हती; कारण प्रतिपिंडे तयार होऊन चाचणीत दिसायला तीन आठवडे ते तीन महिने लागतात. तीन महिन्यांनी या, असे ताई म्हणाल्या. आणि सहज विचारावे तसे विचारले, “त्या मुलीला कळवलंत का?”

मित्र गप्प. बारा दिवसांत हा विचार त्याला शिवला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. दुप्पट धोका तिचा. वर गर्भधारणेची काळजी, शिवाय गनोरिया, सिफिलिस, कावीळ ब हे एच.आय.व्ही.पेक्षा सहज पसरणारे आजार दोघांनाही. संध्याकाळी त्याने फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी एकटी डॉक्टरांकडे जाऊन आली होती. रागावली ती त्याच्या गप्प बसण्यावर.

नंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. चोरून त्याने खाजगी प्रयोगशाळांत चार चाचण्या केल्या. प्रत्येक अहवालाची पुण्याई दोन दिवस टिके. आपल्या मानसशास्त्राच्या सरांना मी नाव न घेता विचारले. ते म्हणाले, “दर तपासणीनंतर बरं वाटतं ना, त्यानेच पुढच्या तपासणीची ओढ लागते.” मला वाटते, मित्र विषाणूला तितका भीत नव्हता जितका वडिलांना. आपण पाप केले, तेव्हा शिक्षा यायलाच हवी, असे त्याने धरून ठेवले होते. रक्ताच्या अहवालात त्याचे उत्तर कुठून मिळणार? शेवटी कॅलेंडरवर फेब्रुवारीतील एकच तारीख लाल केली. तोवर मोबाईलवर त्या विषयाचे वाचन बंद, आणि फारच घालमेल झाली तर १०९७ या मोफत हेल्पलाइनला फोन. दोनदा केला.

फेब्रुवारीतला अहवाल ‘निगेटिव्ह’ आला. तिचाही. अहवाल हातात घेऊन हा पठ्ठ्या ताईंना विचारतो, “पण मग घसा अजून का दुखतो?” त्यांनी त्याच्या खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाकडे बोट दाखवले.